कल्हई ते निर्लेप : आपल्या ओट्यावरचा इतिहास

स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा, "बाई, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवला, सोसायटीचा इतिहास तुम्हीच लिहा," असा आग्रह होता. पण जागा कशी मिळाली, नोंदणी कधी झाली, बोअरला पाणी किती फुटांवर लागलं, हे सगळं सचिवांच्या अहवालात येणारच आहे. म्हणून मी अहवालात कधीच न येणारा इतिहास निवडला. तो आपल्या ओट्यावरच्या भांड्यांचा.

याला कारणही आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा आपल्यातल्या बहुतेक जणी पस्तिशी-चाळिशीत होत्या. आज साठी उलटली. हळदीकुंकवाला जमलो की पूर्वी मुलांच्या मार्कांवर बोलणं व्हायचं, आता मनगटावर होतं. "कुकर एका हातानं उचलत नाही हो," "लोखंडी कढई खाली उतरवताना हात थरथरतो," हे प्रत्येक विंगमध्ये ऐकू येतं. आणि नव्यानं संसार मांडलेल्या सुना-लेकी विचारतात, "काकू, हलकं नॉनस्टिक घेऊ का? चांगलं असतं का ते?" या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

पितळ आणि कल्हई

इतिहासाला पुरावा लागतो, आणि आपल्या घरातला पुरावा भांड्यांवरच कोरलेला असतो. माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं. आईच्या पितळी परातीवर टिंबाटिंबांनी मामाचं नाव, गावाचं नाव आणि १९६१ हे साल आहे. भांड्यावर नाव घालणारा कारागीर दुकानाच्या पायरीवरच बसलेला असायचा. कोणी, कोणाला, कधी दिलं, एवढं त्या एका ओळीत येतं. शिलालेखात तरी याहून वेगळं काय असतं?

पितळ जड. त्यात आंबट टिकत नाही. अंबाडीची भाजी किंवा चिंचेची आमटी उघड्या पितळेत राहिली की कळकते. म्हणून आतून कल्हई. कल्हईवाला गल्लीत आला की खड्डा करून भाता लावायचा, भांडं तापवून नवसागर टाकायचा, आणि कथलाची कांडी फिरवून कापसानं पुसली की काळपट भांडं चांदीसारखं उजळायचं. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं चुलीवर ठेवायचं नाही, हे आमच्या आज्यांना अंश न मोजता ठाऊक होतं. बाहेरून आणखी एक लेप असे, ओल्या राखेचा. चुलीवर चढवण्याआधी बुडाला राख फासली की काजळी घासायला सोपी जायची.

म्हणजे भांड्याला लेप लावणं ही काही नवी गोष्ट नाही. फरक एवढाच की कल्हई उडाली तर काही महिन्यांनी परत लावता येई. भांडं तेच राही, लेप नवा होई.

लोखंडाची गोष्ट वेगळी. लोखंडी तवा आपला लेप आपणच तयार करतो. तेल जळून त्यावर काळा तुकतुकीत थर बसतो आणि वापरू तितका तो चांगला होतो. आपल्या नांदेडला तर लोखंडाचा मान वेगळाच आहे. गुरु गोविंदसिंगजींनी १७०८ साली इथे देह ठेवला. शीख परंपरेत शुद्ध लोखंडाला 'सरबलोह' म्हणून मान आहे. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये सेवा केलेल्यांनी ते भले मोठे तवे आणि कढया पाहिल्या आहेत. पण तिथे उचलायला दहा हात असतात. आपल्या ओट्यापाशी एकच बाई असते.

जर्मन आणि स्टील

भांडं हलकं झालं ते ॲल्युमिनियममुळे. आपल्याकडे त्याला जर्मनचं भांडं म्हणतात. भारतात या भांड्यांची सुरुवात मद्रासला १८९८ च्या सुमारास झाली. आल्फ्रेड चॅटर्टन या इंग्रज अधिकाऱ्यानं तिथल्या कलाशाळेत ती करवून घेतली. हलकेपणाचं गणित सोपं आहे. त्याच आकाराचं, त्याच जाडीचं भांडं लोखंडाचं केलं तर ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट भरतं, आणि पितळेचं तिपटीहूनही जास्त. शिवाय ॲल्युमिनियम उष्णता झटकन सगळीकडे पसरवतं. पण आंबटाशी त्याचंही जमत नाही, आणि मान तर त्याला कधी मिळालाच नाही. रुखवतात जर्मनचं भगुनं कुणी मांडलं नाही.

मान मिळाला तो स्टीलला. बोहारणीला जुने कपडे देऊन घासाघीस करत घेतलेले स्टीलचे डबे आजही आपल्या फळ्यांवर आहेत. स्टील कळकत नाही, कल्हई मागत नाही, नावही कोरून घेतं. पण ते उष्णता नीट पसरवत नाही. म्हणून पातळ स्टीलच्या पातेल्यात दूध नेमकं मधोमध लागतं.

मराठवाड्यातलं निर्लेप

आता नॉनस्टिक. ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेत रॉय प्लंकेट हे रसायनशास्त्रज्ञ फ्रिजमध्ये वापरायच्या वायूवर काम करत होते. एका नळकांड्याची तोटी उघडली तर वायू येईना, पण नळकांड्याचं वजन मात्र भरलेल्याइतकंच. कापून पाहिलं तर आत पांढरी, मेणचट पूड. तिला काहीच चिकटत नव्हतं. तेच पुढचं टेफ्लॉन. ते तव्यावर यायला सोळा वर्षं लागली, आणि तेही एका गृहिणीमुळे. मार्क ग्रेगॉर नावाचे फ्रेंच अभियंते मासेमारीच्या साहित्याला हा थर देत होते. त्यांच्या पत्नी कोलेट म्हणाल्या, तोच थर माझ्या तव्याला द्या की. हे १९५४ चं. दोन वर्षांनी त्यांनी कंपनी काढली.

आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट याच्या पुढची आहे. भारतात नॉनस्टिक भांडी ज्यांनी आधी बनवली आणि घराघरात नेली, ते कुठल्या महानगरातले नव्हते. १९६८ साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, भोगले कुटुंबानं 'निर्लेप' सुरू केलं. ते नाव इतकं रुजलं की आपल्याकडे दुसऱ्या कंपनीचा तवा घेतानाही बाई दुकानात "निर्लेप तवा दाखवा" म्हणते. २०१८ साली ही कंपनी बजाज इलेक्ट्रिकल्सकडे गेली, पण शब्द आपल्याकडेच राहिला. गंमत पाहा, ज्याला मुद्दाम लेप दिला त्याचं नाव निर्लेप! पण अन्नाच्या बाजूनं पाहिलं तर नाव बरोबर आहे. धपाटं त्यावरून अलगद सुटतं, तव्याला काही चिकटून राहत नाही.

आपल्या सोसायटीत सुरुवातीला मोजक्या घरांत असे तवे होते आणि पाहुणे आले की ते निघायचे. आज एकाही घरात नाही असं होत नाही. तेल कमी लागतं हे एक कारण झालं. आपल्या भागात दुसरंही कारण आहे, पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर, नंतर पन्नास वाघिणींत पंचवीस लाख. तेव्हा लातूरला माझी वहिनी म्हणायची, "ताई, स्वयंपाकाचं काही नाही हो, घासायचं काय ते सांगा." पिठल्याची कढई भिजत घालायची तर बादलीभर पाणी जातं, नॉनस्टिक वाटीभर पाण्यात निघतं. त्या उन्हाळ्यात तिच्या घरात दोन पॅन आले आणि कायमचे राहिले. गेलं ते एकच, पिठल्याची खरवड. नॉनस्टिकमध्ये खरवड धरतच नाही, आणि नातवंडांना तिच्यावरून भांडायची मजा ठाऊक नाही.

मग घ्यायचं काय?

नॉनस्टिकचा लेप आणि कल्हई यांत एक मोठा फरक आहे. तो उडाला की गल्लीत कोणी परत लावून देत नाही. म्हणून तो कशासाठी वापरायचा, हे आधी ठरवावं.

भाकरीसाठी मुळीच नाही. भाकरीला तवा कोरडा आणि कडक तापवावा लागतो, आणि या लेपाला नेमकं तेच सोसत नाही. साधारण २६० अंशांच्या वर तो बिघडू लागतो, आणखी तापला की त्यातून घातक धूर निघतो. मोठ्या आचेवर रिकामा तवा काही मिनिटांत तिथपर्यंत जातो. पिंजऱ्यातले पक्षी या धुरानं मरतात, म्हणून ज्यांच्याकडे पोपट आहे त्यांनी तर विशेष जपावं. ज्वारीची भाकरी खाणाऱ्या घरात तवे दोन हवेत : भाकरीला लोखंडी, आणि धपाटे, थालीपीठ, घावन, डोसा यांना नॉनस्टिक.

"त्यानं कॅन्सर होतो म्हणे," असंही विचारतात. ती चर्चा मुख्यतः हा थर बनवताना वापरल्या जाणाऱ्या पीएफओए या रसायनाची आहे. अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादकांनी २०१५ पर्यंत ते बंद केलं, आणि २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय करारानं त्यावर निर्बंध आणले. तेव्हा घेताना खोक्यावर 'पीएफओए मुक्त' लिहिलेलं पाहावं आणि नाव-पत्ता नसलेला स्वस्त माल टाळावा. लेपाचा एखादा कण पोटात गेला तर तो पचत नाही, तसाच बाहेर पडतो. तरीही पापुद्रे निघू लागले की तो पॅन ठेवू नये.

हलकं घ्या, पण पत्र्यासारखं नको. फार पातळ बूड तापून फुगतं आणि पॅन ओट्यावर डुलतो. तीन मिलिमीटरच्या आसपास जाडी पुरे. दुकानात रिकामं भांडं सगळ्यांनाच हलकं वाटतं. घरी त्यात लिटरभर आमटी आली की किलोभर वजन वाढतं, हे धरूनच हातात तोलून पाहावं. मोठ्या कढईला एक लांब दांडा नको, दोन कान हवेत, म्हणजे भार दोन्ही हातांवर येतो. इंडक्शनची शेगडी असेल तर बुडाला लोहचुंबक चिकटतो का ते पाहून घ्यावं. घरी आल्यावर आच मध्यम, उलथनं लाकडी, आणि तारेची घासणी दूर. तापलेल्या पॅनवर गार पाणी ओतू नये. अंबाडी, चिंच, टोमॅटो यांना स्टील किंवा हार्ड ॲनोडाइज्ड बरं.

थोडक्यात, रोज जे हातानं उचलायचं ते हलकं असावं, आणि जे शेगडीवरून हलवायचं नाही ते जड असलं तरी चालेल. मनगट दुखत असताना लोखंडी कढईच वापरली पाहिजे असा आग्रह घरातल्या कोणीही धरू नये. आणि कढई उतरवायला घरातल्या पुरुषांनी हात लावला तर लोखंडही हलकंच आहे.

शेवटी इतिहासाची बाई म्हणून एक विनंती. नॉनस्टिकच्या पॅनवर नाव कोरता येत नाही. चार-पाच वर्षांत तो जातो आणि मागे काही ठेवत नाही. आपल्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत कोणीतरी आपल्या स्वयंपाकघरांबद्दल लिहील, त्याला पुरावा लागेल. तेव्हा जागा नाही म्हणून सगळं पितळ मोडीत घालू नका. नाव आणि साल कोरलेलं एक तरी भांडं प्रत्येक घरात राहू द्या, आणि ते कोणी, कोणाला दिलं हे नातवंडांना सांगून ठेवा.