आठ सेकंदांचा भूतकाळ

न्यायालयात भूतकाळ नेहमी दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो. जे घडले ते न्यायाधीशांनी पाहिलेले नसते; ज्याने पाहिले तो साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, सांगतो, उलटतपासणीत अडखळतो, आणि त्या अडखळण्यासकट सत्याचा अदमास बांधावा लागतो. ज्याच्या कृत्याविषयी हा सारा ऊहापोह चालतो, त्याने तरी ते कृत्य करताना स्वतःला कोठे पाहिलेले असते? मनुष्याचा नुकताच होऊन गेलेला क्षण, तो ताजा असतानाच, त्याच्यासमोर उभा करता येईल काय, हा प्रश्न १९६९ च्या सुमारास अमेरिकेतील काही कलावंतांनी हाती घेतला. त्यांचे साधन होते चित्रफीत.

प्रेक्षकाने चित्रात हात घालावा ही कल्पना त्यापूर्वीची. कोरियात जन्मलेल्या नाम जून पाइक याने मार्च १९६३ मध्ये जर्मनीतील वुपर्टाल येथे जे प्रदर्शन भरविले, त्यात ध्वनिक्षेपकापुढे आवाज केला की दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील चित्र बदलत असे. मौज होती, पण त्यात काळ नव्हता. काळ आला तो फितीबरोबर. सिनेमाची फिल्म धुऊन घ्यावी लागे, चुंबकीय फीत लागत नसे. १९६७ मध्ये सोनी कंपनीने खांद्यावर वाहून नेण्याजोगे चित्रमुद्रण यंत्र बाजारात आणले आणि हे साधन चित्रकारांच्या आवाक्यात आले.

या फितीचा एक गुण कलावंतांनी लवकरच हेरला. दोन यंत्रे शेजारी मांडावयाची. पहिल्याने चित्र मुद्रित करावयाचे, आणि तीच फीत पुढे दुसऱ्या यंत्रात जाऊन तेथे ते चित्र दिसावयाचे. फितीला मधले अंतर कापण्यास जो वेळ लागेल तेवढे चित्र मागे पडते. अर्ध्या इंची फितीचा त्या काळचा रूढ वेग सेकंदाला साडेसात इंच होता. त्या हिशेबाने आठ सेकंदांसाठी पाच फूट फीत पुरते. यंत्रे दूर सरकवली की भूतकाळ लांबतो. कालमापनाचे एवढे घरगुती साधन घटिकापात्रानंतर क्वचितच कोणी वापरले असेल.

मे १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉवर्ड वाइज कलादालनात फ्रँक जिलेट व आयरा श्नायडर यांनी 'वाइप सायकल' नावाची रचना मांडली. उद्वाहनातून बाहेर येणाऱ्या माणसासमोर नऊ पडदे. त्यांवर चालू दूरचित्रवाणी, आधी मुद्रित केलेली दृश्ये, आणि त्यांत तो स्वतः: आत्ताचा, आठ सेकंदांपूर्वीचा, सोळा सेकंदांपूर्वीचा. पुढच्याच वर्षी ब्रूस नाउमन याने सुमारे वीस इंच रुंदीची एक लांबलचक बोळ बांधली. टोकाला एकावर एक दोन पडदे, आणि कॅमेरा मागे, प्रवेशापाशी उंचावर. दोहोंपैकी एकाच पडद्यावर आपण दिसतो, तेही पाठमोरे. जो जो पुढे जावे तो तो लहान होत जातो. दुसऱ्या पडद्यावर मात्र पूर्वी मुद्रित केलेली तीच बोळ, रिकामी. आपण तेथे उभे असताना तेथे कोणीच नाही असे सांगणारा तो पडदा एखाद्या फितूर साक्षीदारासारखा वाटतो.

परंतु या सर्वांत माझ्या मते श्रेष्ठ ठरते ती डॅन ग्रॅहम याची १९७४ ची खोली. तिच्या इंग्रजी नावात व्याकरणाची थट्टा आहे. मराठीत 'अपूर्ण वर्तमान भूतकाळ' असे काहीसे म्हणावे लागेल, आणि त्या एका भूतकाळाला कंसात अनेकवचनही जोडलेले आहे. आज ती पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहात आहे. खोलीला आरसे, एका भिंतीत कॅमेरा व त्याखाली पडदा. आरसा 'आत्ता' दाखवितो, पडदा आठ सेकंदांपूर्वीचे. येथवर सारे सोपे. पण कॅमेऱ्याला समोरच्या आरशात पडद्याचे प्रतिबिंबही दिसत असते. म्हणून आठ सेकंदांपूर्वीच्या चित्राच्या पोटात सोळा सेकंदांपूर्वीचे, त्याच्या पोटात चोवीस सेकंदांपूर्वीचे, अशी मालिका लागते. कोणी मधे उभा राहिला की त्याच्या देहाने ती तुटते. हात वर करावा, तो आरशात तत्काळ वर जातो. आठ सेकंदांनी पडद्यातील मनुष्य तसाच हात वर करतो, आणि तेव्हा आपण त्याला टाळू शकत नाही व थांबवूही शकत नाही. दुसरा कोणी खोलीत असेल तर तोही आपला भूतकाळ आपल्यासोबतच पाहतो. आरोपी आणि साक्षीदार एकाच खोलीत, एकाच पुराव्यापुढे!

दरम्यान विस्कॉन्सिन विद्यापीठात मायरन क्रूगर याने संगणकाची जोड दिली. दोन ठिकाणच्या माणसांची चित्रे एका पडद्यावर आणली असता, एकाच्या हाताचे चित्र दुसऱ्याच्या हातावर आले की तो आपला खरा हात मागे घेतो, हे त्याच्या ध्यानी आले. या निरीक्षणातून पुढे 'व्हिडिओप्लेस' उभे राहिले. त्याची कामे खेळकर आहेत. मला त्यांत काळाची ती टोचणी आढळत नाही.

ती वेगळ्या रूपाने परतली ती कॅमिल अटरबॅक हिच्या २००० ते २००२ च्या 'लिक्विड टाइम' मालिकेत. येथे चित्र प्रेक्षकाचे नाही, शहरातील रस्त्याचे आहे. आपण पडद्याच्या जवळ जाऊ लागलो की आपल्या समोरचा तेवढाच भाग काळात पुढे ढकलला जातो, शेजारचा जागीच राहतो. मागे सरलो की भेगा बुजून चित्र पुन्हा सलग होते. होऊन गेलेला आणि यावयाचा अशा दोन्ही दिवसांना आपण मराठीत 'परवा' म्हणतो. तो अर्थ ठरवितो वाक्यातील क्रियापद. येथे ते काम चालणाऱ्याची पावले करतात.

आता वकिलाची शंका. ज्या कॅमेऱ्याने ही किमया केली तोच आज चौकाचौकांत टांगलेला आहे. २०१५ मध्ये राफाएल लोझानो-हेमर व क्रिश्तॉफ वोडिच्को यांनी जो 'झूम' मंडप उभारला, त्यात यंत्र चेहरे ओळखून काढते आणि कोण कोणापासून किती दूर उभा आहे याची नोंद घेते. कलावंतांना पाळत उघडी पाडावयाची आहे, तरी यंत्र तेच. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरविला, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा मुद्रणाला प्रमाणपत्र जोडावे लागते. पुरावा म्हणून टिकावयाचा तर तो जपून ठेवलेला हवा, हे उघड आहे. माझा अशील निर्दोष असेल तेव्हा मलाही तो जपलेला हवा असतो. तरीही जपणारा कोण आणि किती दिवस, हे विचारल्यावाचून राहवत नाही.

ग्रॅहमच्या खोलीतून मनुष्य बाहेर पडला की आरसा तत्क्षणी रिकामा होतो. पडद्यावर तो आणखी आठ सेकंद असतो. त्यातल्या आतल्या चौकटीत आणखी आठ, तिच्याही आत बोटभर आकृती होऊन आणखी थोडा वेळ. मग खोली त्याला विसरते.