प्रवाळाच्या टाकीत प्रवाह कसा राखावा?

आष्टा : वाळवा तालुक्यातील आष्टा हे ऊसपट्ट्यातील गाव. सह्याद्री ओलांडून कोकण किनारा गाठायचा, तर सरळ रेषेतही शंभर किलोमीटरांहून अधिक अंतर पडते. अशा ठिकाणी दिवाणखान्यात समुद्र आणून ठेवायचा, म्हणजे मीठ, दिवे आणि मासे यांच्या आधी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. ती म्हणजे पाण्याची हालचाल. खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय उभारणारे बहुतेक जण दिव्यांवर सढळ हाताने खर्च करतात आणि पंप मात्र उरल्यासुरल्या पैशांत घेतात. टाकी बिघडण्याची सुरुवात अनेकदा इथूनच होते.

प्रवाळ हा प्राणी असला तरी जागचा हलत नाही. त्याला प्राणवायू आणि अन्नकण पाण्यानेच आणून द्यावे लागतात. अंगावर साचलेला चिकट स्राव आणि गाळही पाण्यानेच वाहून न्यावा लागतो. पाणी संथ असेल तर प्रवाळाच्या पृष्ठभागाला चिकटून पाण्याचा एक जवळजवळ स्थिर थर राहतो आणि देवाणघेवाण मंदावते. दिवसा प्रवाळाच्या पेशींतील शैवाल प्राणवायू तयार करते, रात्री तेही प्राणवायू वापरू लागते. त्यामुळे रात्री पंप बंद ठेवून वीज वाचविण्याची कल्पना महागात पडते.

खरेदीला जाण्यापूर्वी साधा हिशेब करावा. 90 सेंटिमीटर लांब, 45 रुंद आणि 45 उंच टाकीचे आकारमान 182 लिटर भरते. खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी दीडशे लिटरच्या आसपास राहते. फक्त मासे असतील तर तासाला या पाण्याच्या दहापट, म्हणजे 1500 लिटर प्रवाह पुरतो. मऊ प्रवाळांसाठी पंधरा ते वीसपट धरतात. फांद्यांच्या कठीण प्रवाळांना चाळीसपट, म्हणजे तासाला 6000 लिटर किंवा त्याहूनही अधिक लागते. हे आकडे अनुभवाचे ठोकताळे आहेत, नियम नव्हेत. खालच्या टाकीतून, म्हणजे संपमधून, पाणी वर चढविणारा पंप या हिशेबात फारसा धरू नये. खोक्यावर छापलेला त्याचा आकडा शून्य उंचीचा असतो. चार फूट चढ आणि दोन-तीन वळणे आली की प्रवाह बराच घटतो. त्या पंपाचे काम गाळणीला पाणी पुरविण्याचे आहे.

टाकीतील प्रवाहासाठी पूर्वी पॉवरहेड वापरत. त्यांची अरुंद तोटी पाण्याची जोरदार धार सोडते; समोरचा प्रवाळ सोलून निघतो आणि हातभर अंतरावर पाणी निपचित राहते. 2000 नंतरच्या दशकात जर्मनीच्या टुन्झे कंपनीच्या पंपांमुळे पंख्याच्या धर्तीवर चालणारे प्रोपेलर पंप रुळले. ते कमी विजेत रुंद, सौम्य झोत देतात. अमेरिकेतील इकोटेकच्या व्होरटेक पंपात तर मोटार काचेबाहेर राहते आणि चुंबकाच्या ओढीने आतला पंखा फिरतो.

मोटार बाहेर की आत, हा प्रश्न सांगलीसारख्या जिल्ह्यात केवळ हौसेचा नाही. पाण्यात बुडालेला पंप जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन टाकीतच उरते. 40 वॅटचा पंप दीडशे लिटर पाणी तासाला पाव अंश सेल्सिअसच्या आसपास तापवू शकतो. बाष्पीभवनाने आणि काचेतून काही उष्णता निघून जाते एवढेच. प्रवाळाच्या टाकीत 24 ते 27 अंश तापमान राखायचे असते आणि इथला एप्रिल-मेचा पारा चाळिशीला टेकतो. हाच पंप महिन्याला सुमारे 29 युनिट वीज खातो, हेही लक्षात ठेवावे. तेवढाच प्रवाह कमी वॅटमध्ये देणारा डीसी पंप महाग वाटला, तरी उन्हाळ्यात पाणी थंड करण्याच्या खर्चाशी त्याची तुलना करावी.

एक मोठा पंप घेण्यापेक्षा दोन मध्यम पंप घ्यावेत. कोकण किनाऱ्यावर भरती-ओहोटीची दिशा साधारण सव्वासहा तासांनी पालटते आणि लाट पाण्याला सतत पुढे-मागे हेलकावते. एकाच दिशेची धार समुद्रात क्वचितच सापडते. दोन पंप समोरासमोरच्या कोपऱ्यांत बसवून आळीपाळीने चालविल्यास त्याच्या जवळ जाता येते. प्रवाळाचे तंतू सर्व बाजूंना डुलत असतील तर जागा योग्य आहे. ते एकाच बाजूला दबून राहिले, तर पंप वळवावा. खडकामागे गाळ साचणे ही उलट तक्रार. समुद्रफूल पाळणाऱ्यांनी पंपाला जाळी लावलीच पाहिजे; ते सरकत जाऊन पंख्यात सापडले तर टाकीतील सगळे पाणी नासते.

वीज जाणे हा या छंदातला सर्वांत मोठा धोका आहे. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत जिल्ह्यातील अनेक भागांचा वीजपुरवठा खंडित झाला होता. 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासाची लहान बॅटरी 6 वॅटचा डीसी पंप कागदावर 14 तास चालविते, प्रत्यक्षात दहाएक तास धरावेत. एसी पंप घरच्या इन्व्हर्टरवर लावायचा तर तो शुद्ध साइन वेव्हचा असावा. चौकोनी लहरीवर पंप गुणगुणतो आणि तापतो. खारे पाणी आणि वीज एकत्र असल्याने अर्थिंग व 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी अनिवार्य समजावा. वायर प्लगच्या खाली झोका देऊनच वर घ्यावी, म्हणजे ओघळलेला थेंब प्लगपर्यंत पोहोचत नाही.

टाकीत काय ठेवायचे याला कायद्याची चौकट आहे. कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांना 2001 मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. मालवणच्या सागरी अभयारण्यातून किंवा अन्य किनाऱ्यावरून तुकडा उचलून आणणे हा गुन्हा असून त्यास किमान तीन वर्षांची कैद आहे. कायद्यातील 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय व्यापार-करारातील परदेशी प्रजाती बाळगण्यासाठीही नोंदणीची तरतूद आहे. विक्रेत्याकडे कागदपत्रे नसतील तर व्यवहार करू नये. क्लाउनफिशसारखे मासे मात्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने बंदिस्त टाक्यांत पैदा करून दाखविले आहेत. मासे आणि निर्जीव खडक एवढ्यावरही सुंदर टाकी उभी राहते आणि तिला 1500 लिटरचा प्रवाह भागतो.

पंख्यावर कॅल्शियमचा पांढरा थर चढून प्रवाह हळूहळू कमी होतो आणि रोज पाहणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही. दोन-तीन महिन्यांनी पंप काढून पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवावा, ब्रशने घासून गोड्या पाण्यात धुवावा आणि मगच परत बसवावा. दोन पंप असतील तर एक धुताना दुसरा चालू राहतो.