एका रस्त्यावरची तीन विद्यापीठे

बार्शीहून लातूरकडे निघालेला प्रवासी येडशी, ढोकी, मुरूड अशी गावे मागे टाकत जातो. वाटेत बोली फारशी बदलत नाही, ताटातली ज्वारीची भाकरी बदलत नाही, खो-खोचे मैदानही बदलत नाही. बदलते ते विद्यापीठ. बार्शी सोलापूर विद्यापीठाच्या कक्षेत, ढोकी छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या, आणि मुरूड नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या. एकाच रस्त्यावर वाढलेली मुले आंतरविद्यापीठीय स्पर्धांत परस्परांचे प्रतिस्पर्धी होतात.

ही विभागणी मैदानाने केलेली नाही. निजामाच्या राज्यात या भागाचे विद्यापीठ म्हणजे १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेले उस्मानिया. राज्यपुनर्रचनेनंतर, १९५८ साली, औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ आले. बार्शी मुंबई इलाख्यातली. तिची वाट पुणे, मग कोल्हापूर आणि २००४पासून सोलापूर अशी गेली. १९८२मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला, तरी विद्यापीठ एकच राहिले. १९९४च्या जानेवारीत त्या विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचे विद्यापीठ स्थापन होऊन लातूर तिकडे गेले. नामांतराच्या लढ्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच झाले. परंतु त्याच वर्षीच्या विभाजनाने एका संघाचे दोन संघ कसे झाले, याची नोंद आपण साहित्याच्या किंवा शिक्षणाच्या इतिहासात शोधू लागलो, तर हाती फारसे काही लागत नाही.

येथे पैशाचा प्रश्न येतो. विद्यार्थी भरतो त्या शुल्कात खेळाचाही वाटा असतो. महाविद्यालयाच्या संघातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो भारतीय विद्यापीठ संघाच्या स्पर्धांत पश्चिम विभागातून उतरतो. खो-खोला दोन खांब आणि एक मैदान पुरते. खर्च होतो तो प्रवास, मुक्काम आणि जेवणावर. ढोकीहून विद्यापीठाचे मुख्य आवार दोनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. निवड चाचणीला जाणे म्हणजे घरच्यांची परवानगी, सोबत आणि गाडीभाडे. मुलीच्या बाबतीत तर या तिन्हींचा मेळ बसला तरच ती तिथवर पोचणार. कोणत्या विद्यापीठाशी संलग्न व्हावे हे मात्र महाविद्यालय आपल्या सोयीने ठरवू शकत नाही. ते कायद्याने आखलेल्या कार्यक्षेत्रावर ठरते.

अमेरिकेत चित्र उलटे दिसते. तेथे विद्यापीठे आपला स्पर्धासंघ स्वतः निवडतात, आणि अलीकडे तो दूरचित्रवाणीच्या पैशाकडे पाहून निवडतात. २०२४ साली लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठे पॅसिफिक किनाऱ्यावरचा जुना संघ सोडून मध्य-पश्चिमेत रुजलेल्या बिग टेनमध्ये गेली. मागे राहिलेले बर्कली अटलांटिक किनाऱ्याच्या नावाच्या संघात दाखल झाले. बर्कलीचे नुकसान काही अंशी भरून निघावे म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने लॉस एंजेलिसच्या शाखेला दरवर्षी एक कोटी डॉलर देण्यास सांगितले. विद्यापीठांनी आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट मोबदला देण्याचा मार्ग २०२५मधील न्यायालयीन तडजोडीने मोकळा झाला. तोवर तो बंदच होता.

म्हणजे एकीकडे शासनाची रेषा, दुसरीकडे बाजाराची. खेळाडूला विचारून यांपैकी एकही आखली गेली नाही. तरीही एक भेद आपण नजरेआड करू नये. अमेरिकेतील व्यवहारात निदान रक्कम लोकांसमोर आली, म्हणून तिच्यावर वाद झाला. आपल्याकडे रक्कम लहान आहे आणि लहान असल्यामुळेच तिची चर्चा होत नाही.

उस्मानाबादच्या सारिका काळे यांनी २०१६च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय खो-खो संघाचे नेतृत्व केले आणि २०२०मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. आपण असा गौरव साजरा करतो. निवड चाचणीच्या गाडीभाड्याचा इतिहास मात्र लिहीत नाही. त्याची साधने दूर नाहीत. महाविद्यालयांच्या वार्षिकांकांतील संघांची छायाचित्रे, जिमखान्याचे अहवाल, जमाखर्चाच्या वह्या ही आपल्याच ग्रंथालयांच्या कपाटांत सापडण्याजोगी कागदपत्रे आहेत. वार्षिकांकातील कविता आपण वाचतो; तिच्या मागच्या पानावरचा क्रीडा विभागाचा अहवालही वाचायला हवा. छायाचित्रात उभ्या असलेल्या मुली कोणाच्या पैशाने तेथवर पोचल्या, आणि ज्या छायाचित्रात नाहीत त्या कशामुळे पोचल्या नाहीत, हे त्या दोन्ही पानांना मिळून विचारावे लागेल.