विहिरीच्या तळापासून समुद्राच्या तळापर्यंत

आमच्या पिंपळगाव रेणुकाईला मिरचीचा बाजार ठाऊक, कोरडा दुष्काळ ठाऊक. समुद्र मात्र पाहुण्यांच्या तोंडून ऐकलेला. तरीही बुडी मारण्याची विद्या या गावाला अगदीच परकी म्हणता येणार नाही. पाठीला सुका भोपळा बांधून मुले विहिरीत पोहायला शिकत. पोहरा तुटून तळाशी गेला आणि गळाला लागेना, की दम धरणाऱ्या गड्याला बोलावणे जाई. तळ गाठल्याची खूण म्हणून तो मूठभर गाळ वर आणून दाखवी. काठावरच्या लोकांना तेवढा पुरावा पुरे होई.

श्वासाच्या या मर्यादेवर १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां या दोघांनी तोड काढली. पाठीवरच्या नळकांड्यात दाबून भरलेली हवा, पाणबुड्या जितका खोल असेल तितक्याच दाबाने त्याच्या तोंडात सोडणारी झडप त्यांनी तयार केली. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. त्या दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि माणूस घाईने वर आला, तर सोड्याची बाटली फोडावी तसे रक्तात बुडबुडे होतात. म्हणून खाली जाण्यापेक्षा वर येण्यालाच शहाणपण अधिक लागते.

या साधनाने हौशी माणसाला समुद्राचा तळ मोकळा झाला आणि सुट्टी घालवायला लोक पॅसिफिकमधल्या दूरदूरच्या बेटांवर जाऊ लागले. त्यांत ट्रूक, म्हणजे आजचे चूक, याचे नाव फार मोठे. प्रवाळांच्या कड्याने वेढलेल्या त्या शांत खाजणात दुसऱ्या महायुद्धात जपानी आरमाराचा तळ होता. १७ आणि १८ फेब्रुवारी १९४४ या दोन दिवसांत अमेरिकी विमानांनी तेथे चाळीसच्या वर जहाजे बुडवली. 'फुजिकावा मारू' या जहाजाच्या पोटात लढाऊ विमानांचे सांगाडे अजून तसेच आहेत. डोलकाठ्यांवर पोवळी चढली आहेत, तोफांमधून मासे फिरतात. पाहणाऱ्याला ते उद्यान वाटते. पण त्या जहाजांबरोबर माणसेही खाली गेली होती, याची आठवण ठेवून पोहणारे किती, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

एवढे दूर न जाताही आपल्या किनाऱ्याशी वाचण्यासारखे पुष्कळ आहे. विजयदुर्गाजवळ समुद्रात बांधलेली एक भिंत पाणबुड्यांना आढळली आहे. सुमारे १२२ मीटर लांब, जांभ्या दगडाची. तिच्यावर आपटून शत्रूची गलबते फुटत, असे परंपरा सांगते. कान्होजींच्या काळात इंग्रजांचा हल्ला फसला हे खरे. पण त्याचे श्रेय त्या भिंतीला द्यावे की कान्होजी आंग्ऱ्यांच्या तोफांना, याचा निवाडा मी करणार नाही. १७५६ साली मात्र ती भिंत असूनही तुळाजी आंग्ऱ्यांचे आरमार बंदरातच जळाले. आणि त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते, हे लिहिताना मराठी लेखणी थोडी अडखळते.

गोव्याजवळ सेंट जॉर्ज नावाच्या खडकाशी एक जहाज बुडालेले सापडले. त्याच्या मालात भाजलेल्या मातीच्या इमारती सामानावर मंगळूरच्या बासेल मिशन कारखान्याचे नाव आणि १८६५ हे साल उमटलेले आहे. म्हणजे ज्या मंगळुरी कौलांखाली आपल्यापैकी कितीकांचे बालपण गेले, त्याच धर्तीचा माल घेऊन हे जहाज निघाले होते. छापा वाचला म्हणून एवढे तरी कळले, की ते १८६५ च्या आधीचे नाही. तोच तुकडा कोणी हौसेने उचलून दिवाणखान्यात ठेवला असता, तर जहाज मुके झाले असते. विहिरीतला पोहरा वर आला की काम झाले. समुद्रातल्या वस्तूचे तसे नाही. ती कोठे, कशाशेजारी पडली होती, हीच तिची अर्धी ओळख.

हे आमच्या भोकरदन तालुक्याला तरी पटावे. १९७३ साली भोकरदनला, म्हणजे प्राचीन भोगवर्धनाला, उत्खनन झाले, तेव्हा हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. तिची बहीण शोभावी अशी मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पाँपेईत, इसवी सन ७९ च्या राखेखाली सापडली होती. समुद्र न पाहिलेल्या या गावांच्या कारागिरीशी दर्यापारच्या शहराचे काही नाते होते, हा तर्क मातीच्या थरांनी जपलेल्या वस्तूंमुळेच करता येतो.

आता मालवणाकडे वळू. शिवरायांनी १६६४ साली सिंधुदुर्गाचा पाया घातला, त्याच खडकांभोवती आज पर्यटक बुड्या मारतात. १९८७ साली येथे सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा रापण ओढणाऱ्या मच्छीमारांनी कडाडून विरोध केला. आपली पोटाची जागा आपल्याला न विचारता आखली गेली, हे त्यांचे गाऱ्हाणे खोटे नव्हते. पुढे त्याच किनाऱ्यावरची तरुण मुले प्रशिक्षण घेऊन पाहुण्यांना हात धरून खाली नेऊ लागली. पोवळ्यावर नांगर टाकला किंवा पाय दिला, तर वर्षानुवर्षे वाढलेली फांदी क्षणात मोडते, हे तीच मुले आता पाहुण्यांना बजावतात.

नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका निवतीच्या खडकांजवळ मुद्दाम बुडवून तिचे जलमग्न संग्रहालय करावयाची योजना महाराष्ट्राने आखली. ट्रूकची जहाजे बाँबने बुडाली. ही मात्र आतले तेल काढून, स्वच्छ करून पाण्यात सोडायची. तिच्या पोलादावर पहिले पोवळे कधी धरते, हे पाहायला आमच्या गावचा एखादा विहिरीत पोहायला शिकलेला पोरगा जाईल. वर येताना त्याने मूठ रिकामी ठेवली, तरी आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवू.