सॉफ्टवेअर अर्धवट अनइन्स्टॉल झाले तर काय करावे?

अनइन्स्टॉल सुरू असताना वीज गेली, किंवा कोणी ‘प्रोग्राम फाइल्स’मधला फोल्डर थेट डिलीट केला, तर सॉफ्टवेअर चालतही नाही आणि यादीतून जातही नाही. ते काढणारी अनइन्स्टॉलर फाइल बहुधा त्याच फोल्डरमध्ये असते. ती गेली की विंडोजचे काम अडते. अँटिव्हायरस असा अर्धवट उरला, तर नवीन अँटिव्हायरस बसताना अडथळा येऊ शकतो.

आधी बॅकअप घ्या

हिशेबाच्या किंवा बिलिंगच्या काही सॉफ्टवेअरचा डेटा त्यांच्याच फोल्डरमध्ये असतो. तो आधी पेन ड्राइव्हवर कॉपी करा. मग विंडोज १० किंवा ११ मध्ये पुढील उपाय याच क्रमाने करा. काम झाले की तिथेच थांबा.

१. रीस्टार्ट करा. अडकलेल्या फाइल्स मोकळ्या होतात. मग सेटिंग्जमधील ‘ॲप्स’ विभागातून पुन्हा अनइन्स्टॉल करा.

२. पुन्हा इन्स्टॉल करा. शक्यतो तीच आवृत्ती त्याच जागी टाका. हरवलेला अनइन्स्टॉलर परत येतो. मग सॉफ्टवेअर नेहमीप्रमाणे काढा.

३. अधिकृत टूल वापरा. मायक्रोसॉफ्टचा ‘प्रोग्राम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल ट्रबलशूटर’ मोफत आहे. अँटिव्हायरससाठी बहुतेक कंपन्या स्वतःचे वेगळे रिमूव्हल टूल देतात.

४. उरलेले फोल्डर काढा. ‘प्रोग्राम फाइल्स’, ‘प्रोग्रामडेटा’ आणि ‘ॲपडेटा’ तपासा. शेवटचे दोन लपवलेले असतात. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मधून ‘हिडन आयटम्स’ सुरू करा. फक्त त्याच सॉफ्टवेअरच्या नावाचा फोल्डर काढा. ‘कॉमन फाइल्स’ला हात लावू नका, त्या इतर प्रोग्रामही वापरतात.

५. रजिस्ट्री, अगदी शेवटी. यादीत नुसते नाव उरले असेल तरच हा उपाय करा. आधी रिस्टोअर पॉइंट तयार करा. रजिस्ट्री एडिटरमध्ये ‘एचकी लोकल मशीन’ → ‘सॉफ्टवेअर’ → ‘मायक्रोसॉफ्ट’ → ‘विंडोज’ → ‘करंट व्हर्जन’ → ‘अनइन्स्टॉल’ येथे जा. ‘डिस्प्ले नेम’वरून नेमकी नोंद ओळखा, ती एक्सपोर्ट करून ठेवा आणि मग तेवढीच काढा. याने यादीतले नाव जाते, फाइल्स जात नाहीत.

हे टाळा

‘एका क्लिकमध्ये सफाई’ करणारे रजिस्ट्री क्लीनर वापरू नका. उरलेल्या चार-दोन नोंदींमुळे संगणक मंदावत नाही; चुकीची नोंद उडाली तर मात्र विंडोज सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते.