वृद्धपरिचर्या प्रशिक्षण, वाशिम जिल्हा

साठीपुढील रुग्णांची शुश्रूषा रुग्णाच्या खाटेजवळ राहून शिकण्याचा परिचर्या शिक्षणातील भाग. जीएनएम (3 वर्षे) आणि बी.एस्सी. नर्सिंग (4 वर्षे) या अभ्यासक्रमांत हा विषय मुख्यतः वैद्यकीय-शल्य परिचर्येत सामावलेला आहे. त्यामुळे विद्यार्थ्यांना वृद्ध रुग्ण भेटतात ते मेडिसिन, अस्थिरोग आणि नेत्र विभागांतील पोस्टिंगमध्ये.

1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या 2011 मध्ये सुमारे 11.97 लाख होती. पाचांतील चार जण खेड्यांत राहणारे. राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमाच्या पहिल्या 100 जिल्ह्यांत वाशिम होता. जिल्हा रुग्णालयात 10 खाटांचा वृद्धकक्ष, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांची तपासणी आणि अंथरुणाला खिळलेल्यांकडे गृहभेट, अशी या कार्यक्रमाची आखणी आहे.

वृद्धांचे आजार पुस्तकातल्या लक्षणांनी येतीलच असे नाही. न्यूमोनियात ताप नसतो, फक्त आजोबा असंबद्ध बोलू लागतात. हृदयविकाराच्या झटक्यात छाती दुखत नाही, आजी एवढेच म्हणते, ‘कसंतरी होऊन राह्यलं वं माय.’ हे वाक्य विद्यार्थिनीने हसण्यावारी न नेता लगेच सिस्टरला सांगायचे असते. रक्तदाब आडवे असताना आणि उभे केल्यावर, असा दोनदा मोजायचा. चक्कर आणि पडण्याचे कारण अनेकदा तिथे सापडते. दर दोन तासांनी कूस बदलून माकडहाड आणि टाचा पाहायच्या. घरून आणलेली औषधांची पिशवी उलगडली की वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या त्याच गोळ्या दोनदा निघतात आणि मूत्रपिंडाला घातक ठरू शकणाऱ्या वेदनाशामक गोळ्याही.

सर्वांत अवघड धडा संकोचाचा. बेडपॅन मागायला लागू नये म्हणून अनेक आज्या पाणीच पीत नाहीत. त्यातून शरीरातील पाणी कमी होते, लघवीचा जंतुसंसर्ग होतो, भ्रमही होतो. म्हणून मागण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने विचारावे, पडदा ओढावा. मानोरा तालुक्याकडील बंजारा तांड्यांतून आलेल्या आजीशी गोरबोली जाणणारी मैत्रीण बरोबर असली तर बरे. प्रश्न मात्र आजीलाच विचारावेत. सोबतचा मुलगा तिच्या वतीने उत्तरे देतो तेव्हा खरे दुखणे बहुधा राहून जाते.

पोस्टिंग बदलली की केस स्टडी संपते, रुग्ण मात्र त्याच खाटेवर असतो. वृद्धकक्षातील सलग, स्वतंत्र पोस्टिंग आणि तिला जोडलेली गृहभेट ही या प्रशिक्षणाची खरी गरज आहे. घरातला उंच उंबरठा, अंगणापलीकडचे शौचालय आणि रात्रीचा अंधार पाहिल्यावरच डिस्चार्जच्या वेळी नेमके काय सांगायचे ते कळते.