पांखरें, घरधनी आणि कायदा

धुळ्याच्या जुन्या पेठेंत धाब्याचें एखादें घर अजूनहि दृष्टीस पडतें. मातीच्या रुंद भिंती, त्यांवर लाकडी तुळया आणि तुळयांवर चोपून बसविलेला मातीचा थर, अशी त्याची बांधणी. भिंत आणि तुळई यांच्या सांध्यांत जी फट राही, ती चिमणीची खोली. उन्हाळ्यांत धाब्यावर पापड, कुरडया आणि ज्वारीच्या बिबड्या वाळत पडल्या कीं साळुंक्या आणि कावळे पाहुणचारास हजर होत. मग घरांतील एखादें पोर हातांत काठी घेऊन राखणीस बसे. शिवारांतहि तोच प्रकार. ज्वारीच्या कणसांत दाणा भरला कीं मचाण उभें राही आणि पहाटेपासून गोफणीचा फटकारा ऐकूं येई. गोफणीच्या खड्यानें क्वचित् एखादें पांखरूं पडेहि; परंतु राखणदाराचा मुख्य हेतु तें मारण्याचा नसे, हुसकून लावण्याचा असे. दाणा राखला गेला म्हणजे त्याचें काम झालें.

घर आणि पांखरें यांचें हें भांडण पुरातन आहे. त्या भांडणांत कायदा केव्हां आणि कसा शिरला, हा इतिहास मात्र अलीकडचा आहे, आणि आजच्या घरधन्यास तो ठाऊक असणें अगत्याचें आहे.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या अमलाखालीं आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानें धुळें हें आपलें ठाणें केलें व तेथें नवी पेठ वसविली. पुढें जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्यानें पश्चिम खानदेशांतील पक्ष्यांची यादी तयार केली. ती ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकांत १८८२ सालीं छापली गेली. हेच ह्यूम तीन वर्षांनीं राष्ट्रीय सभेच्या स्थापनेंत अग्रभागीं होते. त्या काळीं पक्ष्यांचा अभ्यास बंदुकीनें होई. पक्षी टिपावा, त्याचें कातडें पेंढा भरून जपून ठेवावें आणि मग त्याचें वर्णन लिहावें, अशी रीत होती. पांखरूं मारण्यांत कांहीं गैर आहे, असें विद्वानांसहि वाटत नसे.

पक्ष्यांच्या रक्षणाचा हिंदुस्थानांतील पहिला मोठा कायदा १८८७ सालीं झाला. विणीच्या हंगामांत रानपक्ष्यांची बाजारांत विक्री होऊं नये, एवढ्यापुरताच त्याचा रोख होता. १९१२ सालीं दुसरा, अधिक व्यापक कायदा आला. त्यांत तित्तिर, मोर, बदकें, बगळे अशा पक्ष्यांचीं नांवें दिलेलीं होतीं. हीं नांवें पाहिलीं कीं कायदा करणाराचें मन कळतें. ज्यांची शिकार शोकाची किंवा ज्यांचीं पिसें मोलाचीं, ते पक्षी संपूं नयेत ही त्याची चिंता. चिमणी, साळुंकी आणि कावळा यांची कोणी शिकार करीत नसे, आणि त्यांच्या पिसांस बाजारांत भाव नव्हता. म्हणून अंगणांतील पांखरें कायद्याच्या दारांतून आंत आलींच नाहींत.

तीं आलीं १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें. साळुंकीस संरक्षण मिळालें. कबूतरांच्या कुळासहि मिळालें. परंतु त्यांतून पारवा स्पष्ट शब्दांनीं वगळला होता. कावळ्याची गत त्याहूनहि निराळी झाली. उंदीर आणि फळें खाणारीं वटवाघुळें यांच्या पंक्तीस त्याला बसवून ‘उपद्रवी’ ठरविण्यांत आलें. येथें एक विलक्षण विसंगति दिसते. पितृपंधरवड्यांत घराघरांतून ज्याची वाट पाहावी, पिंडास शिवला नाहीं तर घरांतील वडील माणसांचा जीव कासावीस व्हावा, तोच पक्षी सरकारी परिशिष्टांत पन्नास वर्षें उंदराच्या शेजारीं बसला होता!

कावळा उपद्रवी होऊं शकतो, हें मात्र खोटें नव्हे. १८९० च्या दशकांत आपल्याकडील हा कावळा झांझिबार बेटावर नेण्यांत आला. शहरांतील घाण त्यानें साफ करावी अशी अपेक्षा होती. तेथून आणि जहाजांवरून तो आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पसरला. स्थानिक पक्ष्यांचीं अंडीं व पिलें त्यानें इतकीं खाल्लीं कीं, २०२४ सालीं केनिया सरकारनें दहा लक्ष कावळे मारण्याचा संकल्प जाहीर केला. साळुंकीचीहि तीच कथा. टोळांचा नाश करण्यासाठीं अठराव्या शतकांत ती मॉरिशस बेटावर गेली आणि पिकांवरील किडे खाण्यासाठीं १८६२ सालीं ऑस्ट्रेलियांत मेलबर्न येथें सोडली गेली. आज जगांतील शंभर अत्यंत उपद्रवी परकीय जातींच्या यादींत तिचें नांव आहे. धुळ्याच्या अंगणांत जी घरची, ती मेलबर्नच्या अंगणांत घुसखोर. पांखरूं तेंच, माणसानें त्याची जागा बदलली.

घाईनें केलेल्या संहाराचें फळ काय मिळतें, हें चीननें दाखविलें. १९५८ सालीं तेथें चिमण्यांविरुद्ध देशव्यापी मोहीम निघाली. थाळ्या आणि डबे बडवून चिमण्यांस बसूं दिलें नाहीं, तेव्हां त्या थकून पडत. परंतु दाण्याबरोबर किडेहि खाणारी चिमणी गेली आणि किडींचें फावलें. पुढें जो भीषण दुष्काळ पडला त्याचीं कारणें अनेक होतीं. त्यांत या मोहिमेचाहि वांटा होता. १९६० सालीं चिमणीचें नांव शत्रूंच्या यादींतून काढून तेथें ढेकणाचें घालण्यांत आलें.

आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्यें १९७२ च्या कायद्यांत दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली. उपद्रवी प्राण्यांचें परिशिष्टच नाहींसें झालें आणि कावळा संरक्षित पक्ष्यांत गेला. एखाद्या जातीस ठराविक प्रदेशांत व ठराविक मुदतीपुरतें उपद्रवी ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारनें राखून ठेवला आहे. घरधन्यास मात्र तो नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें ‘शिकार’ म्हणजे केवळ बंदूक नव्हे. संरक्षित पक्ष्यास विष घालणें, फांसांत धरणें, त्याचीं अंडीं फोडणें किंवा घरटें विसकटणें हेंहि शिकारींतच मोडतें. शिवाय १९६० सालचा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आहेच. त्यांत पारव्यासहि स्थान आहे.

आणि आजचा खरा प्रश्न पारव्याचाच आहे. पांझरेपलीकडे देवपुरांत सिमेंटचीं घरें उठलीं, तशीं त्यांबरोबर पारव्याचीं घरेंहि उठलीं. पारवा मूळचा कड्याकपारींत राहणारा. गच्चीचा कठडा, खिडकीवरील छज्जा, नळांची अरुंद पोकळी या त्याला आयत्या कपारी मिळाल्या. चिमणीस लागणारी मातीच्या भिंतींतील फट मात्र बुजली. पारव्याच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेली तर फुप्फुसांस सूज येते आणि कांहींच्या बाबतींत ती कायमची हानि करते. मुंबईंत हा वाद २०२५ सालीं विकोपास गेला. जुलैंत सरकारनें कबूतरखाने बंद करण्याचें जाहीर केलें, उच्च न्यायालयानें बंदी मोडून दाणे घालणारांवर गुन्हे नोंदविण्यास सांगितलें आणि ऑगस्टमध्यें दादर येथील कबूतरखान्यावर घातलेलें आच्छादन जमावानें ओढून काढलें. एका बाजूस भूतदया आणि दुसऱ्या बाजूस शेजाऱ्याचा श्वास, असा हा पेंच होता.

अशा स्थितींत घरधन्याच्या हातीं काय राहतें? पुष्कळ राहतें. छज्जावर उतरती फळी बसवावी, म्हणजे पारव्याचा पाय ठरत नाहीं. पोकळींस जाळी लावावी; ती ताणून बसवावी, कारण सैल जाळींत पांखरूं अडकून मरतें. जाळी लावण्यापूर्वीं आंत घरटें आहे कीं काय तें पाहावें. अंडीं असल्यास सुमारें अठरा दिवसांत तीं फुटतात आणि पिलें महिना-सव्वा महिन्यांत उडून जातात. तेवढें थांबावें आणि मग तोंड बंद करावें. विष्ठा कोरडी झाडूं नये. नाकातोंडास फडकें बांधून, पाण्यानें भिजवून ती काढावी. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे उष्टें-खरकटें व धान्य उघड्यावर ठेवूं नये. जेथें दाणा आणि आडोसा दोन्ही मिळतात, तेथून दहा पांखरें घालविलीं तरी दुसरीं दहा येतात.

हा उपाय नवा नाहीं. खानदेशच्या राखणदाराचा हेतु दाणा राखण्याचा होता, पांखरांचा निःपात करण्याचा नव्हता. मध्यंतरीं बंदूक आली, विष आलें, उपद्रवींच्या याद्या आल्या आणि कांहीं गेल्याहि. दीडशें वर्षांच्या फेऱ्यानंतर कायदा ज्या जागीं येऊन पोंचला, तेथें काठी घेऊन धाब्यावर बसलेलें पोर आधींच बसलें होतें. आपलें घर राखण्याचा हक्क माणसाचा आहे. पांखराचा जीव घेण्याचा नाहीं.